गोळ्या परत आल्या, तेव्हा
ऊसतोड कामगार महिलेच्या क्षयरोग उपचारातील एक प्रकरण

६ एप्रिल २०२४ रोजी कराडमधील एका रुग्णालयात ऊसतोड करणारी एक बाई कावीळ झाली म्हणून दाखल झाली. वजन ३६ किलो. चार दिवस उलट्या, अन्नाचा वाससुद्धा नको, डोळे हळदीसारखे पिवळे. नवऱ्याने सोबत आणलेल्या कागदांत क्षयरोगाचे उपचार कार्ड होते. यकृताच्या तपासणीत बिलिरुबिन ४.२, एसजीपीटी ४१२, दोन्ही खूप वाढलेले. पहिला तर्क कोणीही करेल तोच झाला: टीबीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आली.

तर्क चुकीचा नव्हता, पण त्याने सगळे उलगडत नव्हते. क्षयरोगाच्या पहिल्या दोन महिन्यांत चार औषधे एकत्र दिली जातात आणि त्यातले पायराझिनामाइड यकृताला सर्वांत जड जाते. ते दोन महिने या बाईने काही तक्रार न करता पार पाडले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस पायराझिनामाइड बंद झाले आणि त्यानंतर सव्वा महिन्याने कावीळ झाली. कार्डावरचा डोस वजनाला बरोबर होता. शिवाय कार्डावर १५ ते २३ मार्चचे नऊ रकाने मोकळे होते. म्हणजे कागद सांगत होता की बाईने औषध कमीच घेतले आहे. कमी औषध घेतलेल्या रुग्णाला औषधाची बाधा कशी झाली?

मी तिथे फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या थांबवल्या आणि "नेमके काय काय पोटात गेले ते शोधा" म्हणून मला सांगितले. त्या शोधातून जे हाती आले ते लिहून ठेवणे मला गरजेचे वाटते, कारण औषधांच्या तुटवड्याबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा न मिळालेल्या औषधाबद्दल बोलतो. या बाईला इजा झाली ती औषध परत मिळू लागल्यावर. तिचे गाव, कारखाना आणि ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत.

रुग्ण आणि हंगाम

बाई बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली. दिवाळी उरकून टोळीबरोबर कराड तालुक्यात आलेली. उंब्रज-मसूरच्या पट्ट्यात कृष्णाकाठी उसाचे फड आहेत, तिथेच एका माळावर टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या होत्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती टनावर फिटते. दिवस चुकला की खाडा. दोघांतले एक जण नसले तर ऊस तुटतो निम्मा आणि मोळ्या वाहायला माणूस राहत नाही, म्हणून खाड्याचे पैसेही कापले जातात. हे सविस्तर सांगते आहे, कारण पुढच्या प्रत्येक वळणावर हा खाडा उभा आहे.

डिसेंबरात खोकला लांबला. त्या भागातल्या आशाताईंनी कोप्यांची पाहणी करताना तिची थुंकी तपासायला घेतली. ट्रूनॅट चाचणीत क्षयरोगाचे जंतू सापडले, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला त्यांचा प्रतिकार नव्हता. एचआयव्ही नाही, मधुमेह नाही. १ जानेवारी २०२४ ला उपचार सुरू झाले. तेव्हा वजन ३५ किलो होते. राष्ट्रीय कार्यक्रमात ३५ ते ४९ किलोच्या प्रौढाला रोज तीन गोळ्या असतात. आधी ५६ दिवस चार औषधांची एकत्रित गोळी, नंतर ११२ दिवस तीन औषधांची. चार वर्षांच्या मुलालाही प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांनी थुंकी स्वच्छ आली, वजन किलोभर वाढले. २६ फेब्रुवारीला दुसरा टप्पा सुरू झाला. इथपर्यंत हे उपचार कुठल्याही प्रशिक्षणात उदाहरण म्हणून दाखवावेत असे चालले होते.

दुसऱ्या टप्प्याच्या एका गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असते. नेमकी हीच गोळी २०२४ च्या मार्चमध्ये देशभर दुर्मीळ झाली.

क्षयरोगाची औषधे मुख्यतः केंद्राकडून खरेदी होतात. तिथून राज्याचे भांडार, जिल्हा, तालुक्याचे उपचार पथक, आरोग्य केंद्र आणि शेवटी आशाताईंची पिशवी. वर निविदा लांबली की खाली लगेच काही दिसत नाही. मधल्या प्रत्येक कप्प्यात थोडा साठा असतो, तो आधी संपतो. आरोग्य केंद्राच्या कपाटात खडखडाट होतो तोवर वरच्या विलंबाला महिने झालेले असतात. २०२३ मध्येही, विशेषतः प्रतिरोधी क्षयरोगाच्या औषधांबाबत, रुग्णांच्या संघटनांनी ओरड केली होती. तेव्हा साठा पुरेसा आहे असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले होते. १८ मार्च २०२४ ला मात्र केंद्राच्या क्षयरोग विभागाने राज्यांना पत्र लिहिले: पुरवठ्याला उशीर होऊ शकतो, तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करा, आणि जिथे औषध देता येणार नाही तिथे रुग्णाने विकत घेतलेल्या औषधाचे पैसे परत द्या.

पत्र गरजेचे होते. पण १८ मार्चपर्यंत आपल्या बाईच्या बाबतीत बरेच काही घडून गेले होते.

पिशवीतला हिशोब

रुग्णाने काय घेतले हे विचारून कळतेच असे नाही. "रोज घेतल्या" हे उत्तर तिने दिले आणि तिच्या समजुतीप्रमाणे ते खरे होते. म्हणून नवऱ्याला सांगितले, "दादा, कोपीवर असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या आणा. रिकाम्या पट्ट्यासुद्धा. कचऱ्यात असतील तर तिथूनही आणा." दुसऱ्या दिवशी त्यांनी कापडी पिशवी आणून टेबलावर उपडी केली.

सरकारी तीन औषधांच्या गोळीची एक पट्टी, २८ ची, पूर्ण भरलेली. दुसरीत १७ शिल्लक. तिसरी रिकामी. वर्तमानपत्राच्या पुडीत तीच गोळी, पण कापलेल्या पट्टीचा तुकडा आणि बॅच वेगळी: तीन गोळ्या. आणि मेडिकल दुकानातल्या, रिफाम्पिसिन ४५० व आयसोनियाझिड ३०० असलेल्या गोळीच्या दहाच्या दोन पट्ट्या. एक रिकामी, दुसरीत दोन शिल्लक. मुलाच्या गोळ्या वेगळ्या डबीत, आणि त्या मोजल्या तेव्हा एकही कमी-जास्त नव्हती.

पुडीतल्या तीन गोळ्यांनी अडवले. कार्डानुसार जुना साठा १४ मार्चलाच संपायला हवा होता. मग या उरल्या कशा? कार्ड समोर ठेवून एकेक तारीख घेत बसलो. बाईला तारखा आठवत नव्हत्या, पण कुठल्या दिवशी कुणाच्या फडात तोड होती ते बिनचूक आठवत होते. नवऱ्याकडच्या उसाच्या वजनाच्या पावत्यांवर तारखा होत्या. त्या पावत्या आणि कार्ड जुळवत हिशोब लागला.

२६ फेब्रुवारीला महिन्याच्या गोळ्या मिळायच्या, त्याऐवजी आठवड्याच्या २१ मिळाल्या. साठा आटला होता आणि पथकाने आहे तो सगळ्यांत वाटायचा निर्णय घेतला होता. हा निर्णय योग्य होता, काही जणांना महिनाभर आणि बाकीच्यांना काहीच नाही याहून कितीतरी बरा. ४ मार्चला पुन्हा २१. तेव्हा तिथल्या रांगेत तिने ऐकले की पुढच्या वेळी मिळतील की नाही सांगता येत नाही. त्या दिवसापासून तिने रोज तीनच्या दोन केल्या.

"सरल्यावर काय खाऊ मी? म्हून पुरवून पुरवून खाल्ल्या. घरात पीठ कमी आसलं तर भाकरी बारीक थापतोच की."

११ मार्चला फक्त १२ मिळाल्या, चार दिवसांच्या. १५ तारखेला पुन्हा यायचे होते. आठवड्यात दुसरा खाडा परवडणार नव्हता, म्हणून ती १८ ला आली, आणि त्या दिवशी पथकाकडे एकही गोळी नव्हती. चिठ्ठी मिळाली: बाहेरून घ्या. चिठ्ठीवर दोन औषधे होती, रिफाम्पिसिन-आयसोनियाझिडची जोडगोळी आणि वेगळी इथॅम्ब्युटॉल ८०० ची गोळी. कार्यक्रमातली तीन औषधांची गोळी आसपासच्या दुकानांत नव्हती. खाजगी बाजारात ताकद आणि जोड्या वेगळ्या चालतात. पहिले औषध दुकानात होते, दुसरे "उद्या येईल". नवऱ्याने पहिल्याच्या दोन पट्ट्या घेतल्या, पुन्हा फेरी नको म्हणून. उद्या तो गेला नाही. तोड चालू होती.

१८ च्या रात्री तिने शिलकीतल्या पाचपैकी दोन गोळ्या घेतल्या. राहिलेल्या तीन पुडीत बांधल्या. १९ पासून दुकानातली एकेक.

२३ मार्चला, शनिवारी संध्याकाळी, आशाताई स्वतः कोपीवर आल्या. दुसरीकडून साठा मिळाला होता. हंगाम संपत आला आहे, कारखान्याचा पट्टा पडला की टोळी निघून जाईल, म्हणून त्यांनी धडपड करून पूर्ण महिन्याच्या ८४ गोळ्या मिळवल्या होत्या. "ताई, आता खंड पाडू नका, रोज तीन," असे बजावून सांगितले. बाईने २४ पासून रोज तीन घेतल्या. आणि दुकानातली एक.

ती का, असे मी विचारले. तिने माझ्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिले.

"त्या सरकारी, या आपल्या पदरच्या पैशाच्या. पैशाच्या कशा टाकून द्यायच्या? अन् मधी कमी खाल्ल्या व्हत्या, तर भरून निघंल म्हणलं."

५ एप्रिलपर्यंत तेरा दिवस हे चालले. ६ ला सकाळी गोळी पोटात ठरेना, तेव्हा दवाखाना गाठला. आता पिशवी जुळते. ८४ मधून ३९ गेल्या, ४५ उरल्या: २८ आणि १७. वीसमधून १९ ते २३ च्या पाच आणि नंतरच्या तेरा गेल्या, दोन उरल्या. जुन्या ५४ मधून पहिल्या आठवड्यात २१ आणि मग पंधरा दिवस दोन-दोन करत ३० गेल्या, तीन उरल्या.

कार्डावर जिथे खंड दिसत होता, तिथे तिचा एकही दिवस कोरडा गेला नव्हता. आणि कार्डावर जिथे सगळे सुरळीत होते, त्या तारखांना आधी कमी आणि नंतर दुप्पट औषध पोटात जात होते.

औषधाच्या बाजूने पाहिले तर

तीन टप्पे झाले आणि प्रत्येकाचा धोका वेगळा.

पहिले पंधरा दिवस, ४ ते १८ मार्च: रिफाम्पिसिन ४५० ऐवजी ३००, आयसोनियाझिड २२५ ऐवजी १५०. ३६ किलोला हे अगदीच तळाशी नाही, किलोमागे रिफाम्पिसिन सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास पडते आणि शिफारस ८ ते १२ ची आहे. तिचे वजन इतके कमी होते म्हणून निभावले. याच पट्ट्यात ४८ किलोचा रुग्ण असता आणि त्याने दोनच गोळ्या घेतल्या असत्या, तर डोस स्पष्टपणे तोकडा पडला असता. दीर्घकाळ असे चालले तर जिवाणू मरत नाहीत, औषधाला सरावतात.

दुसरे पाच दिवस: इथॅम्ब्युटॉलच नाही. दुसऱ्या टप्प्यात ते ठेवण्यामागे कारण आहे. आपल्याकडे तातडीची चाचणी रिफाम्पिसिनचा प्रतिकार दाखवते, आयसोनियाझिडचा ट्रूनॅटच्या नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. भारताच्या २०१४-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नव्या रुग्णांतही सुमारे ११ टक्क्यांमध्ये आयसोनियाझिडला प्रतिकार आढळला होता. अशा रुग्णाला इथॅम्ब्युटॉल बंद झाले तर रिफाम्पिसिन एकटे लढते, आणि एकट्या रिफाम्पिसिनला प्रतिकार तयार होणे म्हणजे सहा महिन्यांच्या साध्या उपचारातून बाहेर पडणे. दुकानात "उद्या येईल" म्हटलेली ती दुसरी गोळी ही याच भिंतीतली वीट होती.

तिसरे तेरा दिवस: रिफाम्पिसिन ९००, आयसोनियाझिड ५२५. किलोमागे रिफाम्पिसिन २५ मिलिग्रॅम, आयसोनियाझिड साडेचौदा. आयसोनियाझिडची शिफारस किलोमागे ५, फार तर ६, आणि दिवसाला ३०० च्या वर नाही. रिफाम्पिसिनचे मोठे डोस संशोधनात देऊन पाहिले आहेत आणि ते पुष्कळांना सोसले आहेत, त्यामुळे माझा मुख्य संशय आयसोनियाझिडवर. कुपोषित शरीर, त्यात आपल्याकडे आयसोनियाझिड सावकाश निचरा होणाऱ्यांचे प्रमाण मोठे. तरीही हे जुळवून काढलेले कारण आहे. बरोबर डोसवरही काही जणांना अशी कावीळ होते. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई या चारही तपासण्या नकारात्मक आल्या आणि दारूचा प्रश्न नव्हता, म्हणून दुहेरी डोस हेच सर्वांत सयुक्तिक कारण ठरते.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मनातून जात नाही. काविळीत लघवी गडद होते, हे बहुतेकांना ठाऊक असते आणि त्यावरून लोक वेळीच येतात. या बाईलाही ती गडद दिसत होती. पण जानेवारीत तिला, अगदी योग्यपणे, सांगितले होते की या गोळ्यांनी लघवी लाल होते, घाबरायचे नाही. ती घाबरली नाही. दुहेरी रिफाम्पिसिनने लाली वाढली, तिच्याआड कावीळ लपली आणि चार दिवस उलट्यांत गेले.

पुन्हा सुरुवात

औषधे थांबवल्यावर दोन आठवड्यांत यकृताचे आकडे खाली आले. अशा वेळी औषधे एकदम सुरू करत नाहीत. आधी रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल, काही दिवसांनी तपासणी करून आयसोनियाझिड. म्हणजे प्रत्येक औषध सुटे हवे. एरवी एकत्रित गोळीचा मोठा फायदा असतो, कारण रुग्णाला त्यातले एकच औषध निवडून घेता येत नाही. इथे तोच फायदा अडचण झाला. सुटे रिफाम्पिसिन आमच्या भागातल्या दुकानांत नव्हते, जिथे तिथे आयसोनियाझिडच्या जोडीनेच होते. ते बाहेरून मागवण्यात दिवस गेले. तुटवड्यात एखाद्या औषधाची मुख्य वाट बंद होते तेव्हा त्याच्या आडवाटाही गर्दीने भरतात, याचा अनुभव आम्हाला इथे आला.

दरम्यान ९ एप्रिलचा पाडवा आला. पाडव्याच्या आत घरी पोहोचायचे म्हणून टोळी निघाली. नवरा थांबला, मूल जावेबरोबर गेले. मुलाच्या गोळ्यांची डबी आणि किती, कधी द्यायच्या याचा कागद जावेच्या हाती दिला आणि तिच्याकडून तोंडाने वदवून घेतला. मुकादमाबद्दल एक सांगायला हवे: त्याने त्या दोघांचे राहिलेले दिवस खाड्यात धरले नाहीत. सगळेच असे करतात असे नाही.

आयसोनियाझिड बरोबर डोसमध्ये आणि सोबत पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व) देऊन सुरू केले तेव्हा एप्रिल संपत आला होता. मार्चमधले पंधरा दिवस भरवशाचे नव्हते, म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या टप्प्याचे ११२ दिवस पहिल्यापासून मोजायचे ठरवले. प्रतिकाराच्या पुढच्या तपासणीसाठी थुंकी हवी होती, पण आता खोकलाच नव्हता, थुंकी निघाली नाही. ही एक गाठ सुटली नाही. औषधाच्या दुष्परिणामाचा फॉर्म राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे भरला आणि त्यात मोकळ्या जागेत स्पष्ट लिहिले की तुटवड्यामुळे औषध बदलले होते आणि बदललेले औषध थांबवायला कोणी सांगितले नव्हते.

कुणालाच का दिसले नाही

या प्रकरणात दोषी शोधायला निघालेला माणूस रिकाम्या हाताने परत येईल. पथकाने साठा वाटून दिला. चिठ्ठीवर औषधे आणि ताकद बरोबर लिहिली होती. दुकानदाराने चिठ्ठीवरचेच दिले. आशाताईंनी संध्याकाळी कोपीपर्यंत जाऊन महिन्याच्या गोळ्या पोहोचवल्या. बाईने एक दिवसही उपचार सोडला नाही. उलट सगळ्यांत जास्त काळजी तिनेच केली. कमी खाल्ल्या त्या पुढे पुराव्यात म्हणून, आणि जास्त खाल्ल्या त्या भरपाई व्हावी म्हणून.

चूक राहिली ती हस्तांतरात. सरकारी औषधातून दुकानातल्या औषधाकडे जाताना एक पूल होता, चिठ्ठीचा. परत येताना पूल नव्हता. १८ तारखेची चिठ्ठी लिहिणारा आणि २३ तारखेला गोळ्या पोहोचवणारी व्यक्ती वेगळी होती आणि चिठ्ठीची नोंद कार्डावर नव्हती. आशाताईंच्या दृष्टीने बाईकडे नऊ दिवस काहीच नव्हते. काहीच नसलेल्याला "दुसरे थांबव" असे कोण सांगेल?

दुसरे, "रोज तीन घ्या" या वाक्यात "आणि बाकी काही नको" हे गृहीत धरलेले असते. औषध देणाऱ्याला ते आपोआप ऐकू येते. ज्याने पदरचे पैसे मोजून वीस गोळ्या आणल्या आहेत त्याला येत नाही. गरिबाच्या घरात विकत घेतलेली वस्तू वाया घालवणे हा गुन्हा असतो आणि हे तिच्या स्वभावाचे वैगुण्य नव्हे.

तिसरे, खाडा. साठा वाटून देण्याच्या निर्णयाची किंमत सगळ्यांनी सारखी दिली नाही. कराड शहरात राहणाऱ्या रुग्णाला दर चार दिवसांनी केंद्रावर जाणे हा त्रास आहे. उसाच्या फडातल्या बाईला तो अर्ध्या कोयत्याचा दंड आहे. साठा कमी असताना कोणाला चार दिवसांचे द्यायचे आणि कोणाला महिन्याचे, हे ठरवताना कोण किती लांबून आणि काय बुडवून येतो हे विचारात घेतले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. स्थलांतरित, एकटे म्हातारे, रोजंदारीवाले यांना जास्त दिवसांचे द्यावे. शहरातल्याने दोन फेऱ्या जास्त माराव्यात. समान वाटप न्याय्य दिसते, पण इथे त्यानेच तिला कमी गोळ्या घ्यायला शिकवले.

साठा परत येतो तेव्हा

१८ मार्चच्या पत्रात खरेदी आहे, पैसे परत देणे आहे. औषध एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलते आणि पुन्हा मूळ रूपात येते त्या दोन दिवसांबद्दल काही ठरवून दिलेले नसते, आणि हे केवळ क्षयरोगाचे नाही. इन्सुलिनच्या ४० आणि १०० युनिटच्या बाटल्या, फिट्सच्या गोळ्यांचे साध्या आणि सावकाश विरघळणाऱ्या प्रकारातले फरक, थायरॉइडच्या गोळीची ताकद, जिथे जिथे "हे नाही, ते घ्या" होते तिथे हीच गत होऊ शकते.

या प्रकरणानंतर आमच्याकडे आम्ही एक पद्धत सुरू केली. तुटवड्यात बदलून दिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद रुग्णाच्या कार्डावर लाल शाईने होते: कोणते औषध, किती दिवसांसाठी, कशाच्या जागी. मूळ औषध आल्यावर ते देण्याआधी रुग्णाने घरातल्या सगळ्या गोळ्या आणायच्या. बदली औषधाच्या उरलेल्या गोळ्या आम्ही काढून घेतो. इथे पहिल्या दिवसापासून अडले, कारण लोक विकत घेतलेल्या गोळ्या सोडायला तयार होत नाहीत. मग चिठ्ठीवरच मात्रा मोजून लिहू लागलो: पाच दिवसांच्या पाच गोळ्या, पट्टी कापून. दुकानदारांशी बोललो, काहींनी मान्य केले, काही म्हणतात पट्टी कापली की उरलेली कोण घेणार. त्यांचेही खोटे नाही. पण दहाच्या दोन पट्ट्या न घेता पाचच गोळ्या घेतल्या असत्या तर २४ मार्चला तिच्या पुडीत दुकानातली एकही गोळी नसती.

आणि विचारण्याची पद्धत बदलली. "गोळ्या घेता का?" याला उत्तर एकच येते. आता विचारतो, "गोळ्या संपतील अशी भीती वाटली तेव्हा काय केलेत?" या प्रश्नाला लोक खरे सांगतात. कुणी दिवसाआड घेतलेल्या असतात, कुणी शेजारणीकडून उसन्या आणलेल्या, एका आजोबांनी आपल्या अर्ध्या गोळ्या आजीला दिलेल्या होत्या, दोघांनाही टीबी होता आणि आजीच्या संपल्या होत्या.

बाई मेच्या पहिल्या आठवड्यात बीडला गेली. क्षयरुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी निक्षय प्रणालीत तिची नोंद तिकडच्या पथकाकडे वर्ग केली, पण त्यावर विसंबून राहिलो नाही. एका पानावर मराठीत लिहून दिले: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काय घेतले, कावीळ कधी झाली, आता काय चालू आहे, काय घ्यायचे नाही. तिकडच्या आरोग्य सेविकेने ते पान वाचून आम्हाला फोन केला. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात उपचार पूर्ण झाले. वजन ४० किलो, एक्स-रे सुधारलेला, यकृताच्या तपासण्या ठीक. मुलाच्या प्रतिबंधक गोळ्याही पूर्ण झाल्या.

दुकानात मोजलेले पैसे तिला परत मिळाले नाहीत. पत्राप्रमाणे मिळायला हवे होते, पण अर्जासोबत बिल लागते आणि त्या संध्याकाळी दुकानातून बिल घेतलेले नव्हते. चिठ्ठी देताना कोणी ते घ्यायला सांगितले नव्हते. आता आमच्या चिठ्ठीच्या तळाशी तो एक ओळीचा शिक्का असतो: पक्के बिल घ्या, जपून ठेवा, पैसे परत मिळण्यासाठी लागेल.